शॉकअप आले, बोल्टांचं काय?

नव्या शॉकअपच्या खोक्यात शॉकअप असतो, कधी वरच्या टोकाचा नट आणि रबरं असतात. बोल्ट नसतात. जुनेच परत घालायचे, हे सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं असतं. कोरड्या मुलखात ते चालूनही जात असेल. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीचा बोल्ट मात्र धड बाहेर येईल अशी आशा धरू नये. माझी सासुरवाडी गोव्यातल्या साखळीला. त्यामुळे आमच्या जुन्या हॅचबॅकनं चोर्ल्याच्या घाटातून वर-खाली इतक्या खेपा केल्यात की कणकुंबीचा पाऊस, घाटातला लाल चिखल आणि गोव्याची खारी हवा, तिन्हींचा थर तिच्या पोटाला बसलाय.

मागचे दोन्ही शॉकअप तेल गाळत होते. पुढचे तसे धरून होते, पण ऊस सुरू झाला आणि डबल ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्त्यांची जी दशा केली त्यात त्यांचाही जीव गेला. चारही बदलायचे ठरलं. हा भाग सोपा होता. पार्ट नंबर सांगितला, पैसे दिले, खोकी आली.

मिस्त्री ओळखीचे. वयानं माझ्याहून बरेच मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. मागच्या शॉकअपच्या खालच्या टोकाला हात घातला. नट सुटला, बोल्ट हलेना. पाना लावला की बोल्ट फिरायचा, पण त्याच्याबरोबर बुशातली, म्हणजे शॉकअपच्या टोकातल्या रबराच्या मधली, लोखंडी नळीही फिरायची आणि रबर पिळवटून परत जागेवर यायचं. गंजानं बोल्ट आणि नळी एक झालेले. गंज काढायचं तेल मारून झालं, घण मारून झाला, बोल्टाच्या टोकाचं मशरूम झालं. शेवटी अण्णांनी ग्राइंडर काढला आणि ब्रॅकेटचा कान (बोल्टाच्या भोकाची पट्टी) आणि नळी यांच्यामधल्या फटीत पाती घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. शॉकअप नाही तरी भंगारातच जाणार होता, त्यामुळे नळीची काळजी नव्हती. कानाला पात्याचा ओरखडा लागू नये एवढंच बघायचं होतं. बाहेर आलेला तुकडा हातात घेऊन कापलेलं तोंड घासून पाहिलं. मधे चकचकीत पोलाद, भोवती काळपट तपकिरी गंजाचं एक बारीक कडं, त्याबाहेर नळीचं दुसरं चकचकीत कडं. बोल्ट नळीत सैल असतो, ती फट सगळी गंजानं भरून घट्ट झाली होती.

पुढचे तुलनेनं शहाण्यासारखे निघाले. स्ट्रट (पुढचा शॉकअप) आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणारे प्रत्येक बाजूला दोन बोल्ट. त्यांच्या डोक्याखाली मानेवर बारीक दाते असतात, ते भोकात रुतून बसतात. म्हणून तिथं बोल्ट फिरवायचा नसतो, फक्त नट फिरवायचा आणि मग बोल्टाच्या टोकावर पितळी रॉड ठेवून ठोकून काढायचा. डोक्याला पाना लावून जोर केला की दाते भोक खरवडतात आणि पुढचा बोल्ट तिथं कधीच नीट बसत नाही. निघाले खरे, पण चारपैकी दोघांच्या मानेला गंजानं खळगे पडले होते. चारही नवे घ्यायचं ठरवलं.

कंपनीच्या काउंटरवर पुढचे चारही नटांसकट मिळाले. मागच्या दोघांचं नाव काढल्यावर काउंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटरात पाहिलं आणि म्हणाला, "इल्ल री. ऑर्डर हाकबेकु." म्हणजे नाहीत, ऑर्डर टाकावी लागेल. ऑर्डर टाकून किती दिवसांत येईल, तर त्याला सांगता येईना. मूळ बोल्ट हाताशी असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. सस्पेन्शनला मूळ पार्ट नंबरचा बोल्ट मिळत असेल तर तोच घ्यावा, त्यात डोकं चालवू नये असं माझं आजही मत आहे. मिळत नसेल तेव्हाच डोकं चालवायची वेळ येते.

अण्णांचं म्हणणं साधं होतं. जास्त ताकदीच्या बोल्टाला ते हायटेन्शनचा म्हणतात. "हायटेन्शनचा एक आणूया की सर. सतराचा पाना लागणारा बघूया, झालं."

इथंच घोळ आहे. गॅरेजमध्ये बोल्टाचा नंबर म्हणजे त्याला लागणाऱ्या पान्याचा नंबर. आमच्या गाडीला सतराचा पाना लागतो तो बोल्ट एम १२, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाचा आहे, कारण जपानी घडणीच्या गाड्यांत डोकं लहान ठेवतात. बाजारातल्या साध्या डिन (जर्मन मानक) मापाच्या बोल्टाला सतराचा पाना लागतो तो मात्र एम १०. डिनच्या एम १२ ला एकोणीसचा लागतो. म्हणजे "सतराचा द्या" म्हणून दुकानात गेलं की १२ ऐवजी १० मिलिमीटरचा बोल्ट हातात पडतो आणि तो भोकात अगदी सहज, नको इतक्या सहज जातो. हार्डवेअरच्या एका दुकानात तर "चार सुतीचा देऊ काय?" असं विचारलं. ट्रॉली, नांगर, कुळव यांचं सामान विकणाऱ्या दुकानांत अजून सुतावरच चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. आमच्या कानाच्या भोकात तो जातच नाही. "भोक वाईच मोठं करून घ्या की," हा सल्लाही तिथंच फुकट मिळाला.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला असतो. व्हर्नियर, पिच गेज, हार्डनेस टेस्टर ही रोजची हत्यारं. त्यामुळे कापलेले तुकडे, नट आणि नवा शॉकअप असं सगळं पिशवीत घालून कामावर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत मापं घेतली. व्यास १२. आटे बारीक, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५. बाजारात एम १२ म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी १.७५ पिचचा, जाड आट्यांचाच बोल्ट पुढं येतो. त्याला आपला नट लागत नाही. एखाददुसरा आटा लागल्यासारखा वाटतो आणि अडतो, तेव्हा जोर केला की दोन्ही बाद.

मग ताकद. बोल्टाच्या डोक्यावरचा नंबर गंजानं खाल्लेला होता. ग्राइंडरनं कापलेलं टोक तापून मऊ पडलेलं असू शकतं, म्हणून तिथं न मोजता डोक्याचा माथा कानशीनं सपाट करून तिथं मोजलं. रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ३४ च्या आसपास. १०.९ चा बोल्ट साधारण ३२ ते ३९ मध्ये बसतो, ८.८ चा २२ ते ३२ मध्ये. म्हणजे मूळ बोल्ट १०.९ चा. हे आकडे ज्यांनी फक्त डोक्यावर कोरलेले पाहिलेत त्यांच्यासाठी: पहिल्या आकड्याला शंभरनं गुणलं की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते, म्हणजे १० ला १०००. दशांशानंतरचा आकडा सांगतो की त्यातल्या किती हिश्श्यापर्यंत बोल्ट ताणला तरी परत मूळ लांबीवर येतो. .९ म्हणजे ९०० पर्यंत. ८.८ ला तेच ८०० आणि ६४०. अंकच नसलेला काळा बोल्ट कितीही दणकट दिसला तरी तो साध्या लोखंडाचा समजावा. "हायटेन्शनचाच आहे" म्हणून दुकानदारानं दिलेला असा एक मी कुतूहलानं टेस्टरवर धरला. सी स्केलवर त्याचं नावही उमटलं नाही.

आता उद्यमबागेत राहून बोल्ट विकत घ्यायला हिंडायचं म्हणजे हसंच. फाउंड्र्या, लेथ, सीएनसी, हायड्रॉलिकवाले, सगळा पसारा हाकेच्या अंतरावर. टर्निंगच्या सेक्शनमधला दोस्त म्हणाला, "ईएन २४ चा बार पडलाय की गा. दोन बोल्ट ओढून देतो, चहा पाज." मोह पडण्यासारखंच होतं. ईएन २४ चांगलं पोलाद, त्यात वाद नाही. पण कारखान्यात होणाऱ्या बोल्टाचं डोकं बार दाबून घडवलेलं असतं आणि आटे दोन डायांमध्ये लाटून उठवलेले असतात. पोलादाचे धागे आट्याच्या वळणाबरोबर वळतात, आणि आट्याच्या तळाला छोटी गोलाई राहते. लेथवर टूलनं आटे कापले की तेच धागे जागोजागी तुटतात आणि तळाला टूलची टोकदार रेघ उरते. एकदाच भार सोसायचा असेल तर फार फरक पडणार नाही. शॉकअपच्या बोल्टावर भार प्रत्येक खड्ड्यागणिक उलटसुलट होतो, आणि बोल्ट थकून तुटतो तो बहुधा नटात शिरल्यावरच्या पहिल्या आट्याशी नाहीतर डोक्याखालच्या कोपऱ्यात. लेथवर ओढलेल्या बोल्टात नेमक्या ह्याच दोन जागा कच्च्या राहतात. दोस्ताला चहा पाजला, बोल्ट घेतला नाही.

दुसरा प्रस्ताव ऍलन बोल्टाचा, १२.९ चा. टूलरूममध्ये त्यांचे डबेच्या डबे असतात. १०.९ पेक्षा १२.९ भारी, मग अजून चांगलं, असा सरळ हिशेब. मला तो पटत नाही. पोलाद जितकं कडक तितकं ते गंज आणि हायड्रोजन यांना नाजूक. १२.९ च्या बोल्टाला साधा काळा लेप असतो, जो कणकुंबीच्या एका पावसाळ्यात जाईल. जस्ताचा मुलामा द्यायचा तर ऍसिडच्या टाकीत आणि मुलाम्याच्या टाकीत हायड्रोजन आत शिरतो आणि घट्ट आवळलेला बोल्ट काही दिवसांनी उभ्या-उभ्या तडकू शकतो. मशीनच्या आत, तेलात राहणाऱ्या जागी १२.९ उत्तम. गाडीच्या पोटाखाली चिखलात नको. शिवाय त्याच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत लाल माती भरून वाळली की पुढच्या वेळी परत ग्राइंडरच.

स्टेनलेसचंही कुणीतरी सुचवलंच. "गंजायचा प्रश्नच मिटला की!" गंजायचा मिटला, ताकदीचा उभा राहिला. बाजारात मिळतो तो ए२-७० म्हणजे तुटण्याची ताकद ७०० आणि ताण सोसायची मर्यादा ४५० मेगापास्कल. ८.८ च्याही खाली. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट आवळताना आटे एकमेकांना धरून बसतात ते वेगळंच.

हे सगळे नकार ऐकून अण्णा एकदा वैतागले. "येवढं काय मोजत बसूलालाय सर? शॉकअपचा बोल्ट तो, काय इंजिनचा हाय?" त्यांचं चुकत होतं असं नाही. त्यांच्या हातून कितीतरी गाड्या कुठल्यातरी बोल्टांवर गेल्या आणि चालल्या. पण बोल्ट तिथं नेमकं काय करतो हे पाहिलं तर मोजण्याला पर्याय उरत नाही. शॉकअप त्या बोल्टाला खुंटीला अडकवल्यासारखा लटकत नसतो. बोल्ट दोन कानांमध्ये बुशाची नळी चिमटीत पकडतो. त्या चिमटीमुळे नळीच्या तोंडाशी जे घर्षण होतं ते भार पेलतं. चिमट सैल झाली की नळी कानांमध्ये सरकायला लागते, बोल्टावर आडवे दणके बसतात, भोक लांबट होतं आणि मागून टकटक ऐकू येते. ती टकटक पुष्कळ लोक खराब शॉकअपची समजतात आणि परत शॉकअप बदलतात.

म्हणून व्यास आणि नंबरइतकीच महत्त्वाची ठरली ती गुळगुळीत भागाची लांबी. दुकानात ती कुणी विचारत नाही. एक कान ४ मिलिमीटर, नळी ३८, दुसरा कान ४. एकूण पकड ४६. मूळ बोल्ट डोक्याखालून ६५ चा होता, त्यातले फक्त २० आट्यांचे, म्हणजे ४५ गुळगुळीत. दोन्ही कान गुळगुळीत भागावर आणि आटे जवळपास पूर्णपणे कानाबाहेर. आता बाजारातला अर्ध्या आट्याचा बोल्ट घ्या. त्याच्या आट्यांची लांबी ठरलेली असते: व्यासाची दुप्पट अधिक ६, म्हणजे एम १२ ला ३०. तोच ६५ चा घेतला तर गुळगुळीत भाग ३५ उरतो आणि पलीकडचा कान सरळ आट्यांवर येऊन बसतो. आटे त्या कानाला कानशीसारखे खातात. पूर्ण आट्याचा बोल्ट घेतला तर विचारायलाच नको. ८० चा घेतला तर गुळगुळीत भाग ५०, पकडीपेक्षा जास्त. मग नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो, पान्याला घट्ट लागतो, आणि नळी मात्र सैलच. हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण हाताला काहीच चुकल्यासारखं वाटत नाही.

उरला ७५ चा. ३० आटे, ४५ पर्यंत नट जाऊ शकतो, पकड ४६. एक मिलिमीटरची सवड पुरेशी नाही, म्हणून नटाखाली अडीच मिलिमीटरचं एक कडक वायसर. मऊ वायसर नको, ते दबतं आणि ताण जातो. स्प्रिंग वायसरही नको. टोक नटाबाहेर बारा-पंधरा मिलिमीटर राहणार होतं, पण त्या बाजूला मोकळी जागा आहे, काही आपटत नाही.

एम १२, पिच १.२५, लांबी ७५, अर्धे आटे, १०.९. एवढं कागदावर लिहून बेळगावातली दुकानं पालथी घातली. १.७५ मध्ये सगळं मिळत होतं. रविवार पेठेत एकानं १.२५ चा दाखवला, तो ५० चा निघाला. कोल्हापूरला कामानिमित्त जाणं झालं तेव्हा उद्यमनगरातल्या एका नटबोल्टवाल्याकडे मिळाले. त्यानं कागद वाचला, एकही प्रश्न न विचारता मागच्या खणातून पाकीट काढलं. डोक्यावर बनवणाऱ्याची खूण आणि १०.९ ठसठशीत उठलेलं. लेप फिकट राखाडी, मॅट. हा झिंक फ्लेकचा लेप, तो रंगासारखा चढवून भाजतात, विजेच्या टाकीत बुडवत नाहीत. त्यामुळे हायड्रोजनची ती भानगड नाही आणि साध्या चकचकीत जस्तापेक्षा टिकतोही जास्त. नट त्याच्याकडूनच, १० नंबरचे, आपोआप सैल होऊ नयेत म्हणून डोकं किंचित चेपलेले. १०.९ च्या बोल्टाला ८ चा नट लावला तर आधी नटाचे आटे जातात. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नटही चालला असता, पण तो एकदा काढला की बदलावा लागतो आणि आमच्याकडे पुढच्या वेळी तो बदलला जाईलच याची खात्री कोण देणार.

चार घेतले, लागणार होते दोन. एक टेस्टरवर धरला. ३५. बरं वाटलं.

बसवताना दोन गोष्टींवर मी अडून राहिलो. गुळगुळीत भागाला आणि नळीच्या आत ग्रीस लावलं, आट्यांना नाही. आवळताना लागणाऱ्या जोरातला साधारण ९० टक्के भाग घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १०. आटे ओले केले की तेवढ्याच जोरात ताण कितीतरी वाढतो आणि पुस्तकातला आकडा निरर्थक होतो. आकडाही गाडीच्या पुस्तकातला घ्यायचा. १०.९ च्या तक्त्यात एम १२ ला लिहिलेला असतो तो बोल्ट किती सोसेल त्याचा. नळी आणि कान किती सोसतील ते तक्त्याला माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर असताना. जॅकवर गाडी उचललेली असते तेव्हा मागचा ऍक्सल खाली लोंबतो. बुशाचं रबर नळीला चिकटवलेलं असतं, तशा स्थितीत आवळलं की गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अण्णांकडे खड्डा आहे. बोल्ट हातानं लावून गाडी खड्ड्यावर घेतली, मागच्या सीटवर दोन पोरं बसवली, आणि अण्णा खाली उतरून शॉपमधून आणलेल्या टॉर्क रेंचनं (ठरवलेला जोर लागला की 'टक' करणाऱ्या पान्यानं) आवळत गेले. रेंचनं पहिल्यांदा 'टक' केलं तेव्हा ते थांबून म्हणाले, "एवढंच? मी ह्याच्या दीडपट मारतो की."

पुढच्या बाजूला चार नवे बोल्ट घातल्यावर अलाइनमेंट करून घेतली. तिथं भोक आणि बोल्ट यांच्यात थोडी सैल असते, बोल्ट त्या सैलीत कुठं बसला यावर चाकाचा कल ठरतो. ते काम नेहमीचंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सगळ्या नटांवर आणि शेजारच्या कानावर पिवळ्या रंगाची एकेक सलग रेघ मारून ठेवली होती. नंतर साखळीला जाऊन आलो, वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीलाही गेलो. बाचीच्या पुढं हद्द बदलते तिथं रस्ता कुणाच्या बाजूला जास्त खराब यावर गाडीत नेहमीचा वाद झाला. परत येऊन खाली डोकावलं तर रेघा जुळलेल्या होत्या. सस्पेन्शनमधली डावीकडची लिंक मात्र आता वाजायला लागलीय. तिच्याबरोबर नट येतात म्हणे, खोक्यातच.